व्यायाम सुरू करण्यापूर्वीची तपासणी : काय करून घ्यावं, किती पैसे मोजावेत?

जिममध्ये नाव घालायला पाच मिनिटं पुरतात. नाव, मोबाइल नंबर, उंची, वजन, 'उद्दिष्ट : वजन कमी करणे', आणि तळाशी बारीक अक्षरात एक वाक्य : 'माझ्या प्रकृतीची जबाबदारी माझी राहील.' त्याखाली सही. दुसऱ्या दिवशी पंचविशीतल्या मुलाला जो आराखडा मिळतो, तोच बावन्न वर्षांच्या मधुमेही काकांच्या हातात पडतो. दहा मिनिटं ट्रेडमिल, मग स्क्वॉट, मग डंबेल्स. काकांची गोळी कुठली, कुणी विचारलेलं नसतं.

याच्या दुसऱ्या टोकालाही अनेक घरं जातात. १० ऑगस्ट २०२२ रोजी विनोदी कलावंत राजू श्रीवास्तव दिल्लीतल्या जिममध्ये ट्रेडमिलवर कोसळले आणि २१ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं. अशी बातमी आली की कुटुंबच्या कुटुंब 'फुल बॉडी चेकअप'च्या रांगेत उभं राहतं. चार-पाच हजार रुपये जातात, साठ-सत्तर आकड्यांचा रिपोर्ट येतो, आणि आपण जिने चढावेत की नाही, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

व्यायामापूर्वीची तपासणी किती आणि कुठली करायची, हे तुमच्या आजारांवर, लक्षणांवर आणि तुम्हाला किती जोराचा व्यायाम करायचा आहे, यावर ठरतं. सर्वांत उपयोगी पायऱ्या जवळजवळ फुकट आहेत. महागड्या पायऱ्या थोड्यांनाच लागतात. पण ज्यांना लागतात, त्यांनी त्या टाळू नयेत. खाली दिलेले दर पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतल्या खासगी सेवांचे ढोबळ दर आहेत. तालुक्याच्या गावी ते कमी असतील, बड्या कॉर्पोरेट रुग्णालयात जास्त.

कुणाला डॉक्टरांची परवानगी लागते?

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेनं २०१५ मध्ये आपले निकष बदलले. त्याआधी वय, कोलेस्टेरॉल, धूम्रपान असे धोक्याचे घटक मोजून माणसाला डॉक्टरांकडे धाडलं जाई. त्यामुळे विनाकारण तपासण्या वाढत होत्या आणि माणसं व्यायामाला लागण्याआधीच कंटाळून सोडून देत होती. आता तीनच गोष्टी पाहिल्या जातात : सध्या तुम्ही किती व्यायाम करता, तुम्हाला हृदयाचा, मधुमेहासारखा चयापचयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार अथवा त्याची लक्षणं आहेत का, आणि पुढे किती जोराचा व्यायाम करायचा आहे. त्यावरून असा हिशेब निघतो :

• आजार नाही, लक्षणं नाहीत : परवानगीची गरज नाही. आजवर बैठं आयुष्य असेल, तर चालण्यासारख्या हलक्या ते मध्यम व्यायामानं सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा.

• मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, लक्षणं नाहीत, पण व्यायामाची सवय नाही : आधी डॉक्टर, मग व्यायाम.

• यांपैकी आजार आहे, लक्षणं नाहीत आणि गेले तीन महिने आठवड्यातून किमान तीन दिवस अर्धा-अर्धा तास व्यायाम चालू आहे : मध्यम व्यायाम चालू ठेवा. धावणं, सिंहगड चढणं, जड वजनं असा जोराचा व्यायाम करायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

• लक्षणं आहेत : वय, सवय, आजार काहीही असो, व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

लक्षणं म्हणजे छातीत दुखणं किंवा आवळल्यासारखं होणं, थोड्याशा श्रमानं दम लागणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, छातीत धडधड, घोट्यांना सूज, आणि चालताना पोटरी दुखून थांबावं लागणं. आपल्याकडे 'गॅसेस झाले असतील' म्हणून छातीतलं दुखणं मागे टाकलं जातं. चालल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं गॅसचं समजू नका.

पहिली पायरी : सात प्रश्न, खर्च शून्य

कॅनडात तयार झालेली 'पार-क्यू' ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिची आजची आवृत्ती 'पार-क्यू प्लस'. पहिल्या पानावर सात प्रश्न असतात. त्यांचा आशय असा :

१. हृदयाचा आजार किंवा उच्च रक्तदाब आहे, असं डॉक्टरांनी कधी सांगितलं आहे का?
२. बसल्या जागी, रोजची कामं करताना किंवा व्यायाम करताना छातीत दुखतं का?
३. चक्कर येऊन तोल जातो का, किंवा गेल्या बारा महिन्यांत शुद्ध हरपली होती का?
४. दुसरा कुठला दीर्घकाळचा आजार आहे का?
५. दीर्घकाळच्या आजारासाठी डॉक्टरांनी दिलेली औषधं चालू आहेत का?
६. हाडं, सांधे, स्नायू यांचं असं दुखणं आहे का, जे हालचालीनं वाढेल?
७. फक्त वैद्यकीय देखरेखीखालीच व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे का?

सातही उत्तरं 'नाही' असतील, तर सावकाश सुरुवात करायला हरकत नाही. एक जरी 'हो' असेल, तर पुढच्या पानांवर त्या-त्या आजाराचे प्रश्न असतात आणि तिथून डॉक्टरांकडे जायचं की नाही, ते ठरतं. उदाहरणार्थ, औषध घेऊन किंवा न घेता रक्तदाब १६०/९० किंवा त्याहून जास्त राहतो का, हा त्यातला एक प्रश्न.

आपल्या घरांचा विचार करता मी यात आणखी काही प्रश्न घालायला सांगेन. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का? तंबाखू, मिश्री, सिगारेट यांपैकी काही आहे का? गेल्या काही आठवड्यांत डेंग्यू, चिकुनगुनिया, कोविड किंवा अंगात मुरलेला ताप येऊन गेला का? शस्त्रक्रिया, बाळंतपण, फ्रॅक्चर? वजन घटवायची पावडर, चूर्ण, काढा, प्रोटीन असं काही चालू आहे का?

उत्तरं खरी द्या. 'तसा मला काही त्रास नाही, फक्त बीपीची गोळी चालू आहे,' हे वाक्य प्रत्येक ट्रेनरनं ऐकलेलं असतं. गोळी चालू आहे, म्हणजे आजार आहे. तो आटोक्यात आहे, ही चांगली गोष्ट. पण ट्रेनरपासून लपवायची गोष्ट नव्हे. गोळ्यांची पाकिटं फोनच्या कॅमेऱ्यात टिपून ठेवा आणि पहिल्या दिवशी दाखवा.

दुसरी पायरी : घरच्या घरी चार मोजण्या

रक्तदाब. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र १,५०० ते ३,००० रुपयांना मिळतं आणि ते सगळ्या घराला पुरतं. मनगटावरचं यंत्र घेऊ नका, त्याचे आकडे हाताच्या जागेनुसार सहज चुकतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. जिना चढून आल्या आल्या मोजलेला आकडा धरू नका. शांत बसून १८०/११० किंवा त्याहून जास्त आला, तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टर.

नाडी. सकाळी उठल्यावर मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजा. खर्च नाही. ठोके अनियमित लागत असतील, तर ते डॉक्टरांना सांगा.

कंबर. शिंप्याची टेप पुरते. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. पाश्चात्त्य तक्त्यांत ती बरीच वर असते, म्हणून कुठल्या तक्त्याशी ताडून पाहता, ते बघा.

खुर्ची. साठीपुढच्यांसाठी ही फार बोलकी चाचणी आहे. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी घाला आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं, ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा आणि स्त्रीला ११ पेक्षा कमी जमलं, तर पायांची ताकद घटली आहे आणि पडण्याचा धोका वाढला आहे. कुणीतरी जवळ उभं असल्याशिवाय ही चाचणी करू नका.

तिसरी पायरी : डॉक्टर आणि चाचण्या

सुरुवात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. तुमचा इतिहास त्यांना माहीत असतो. 'सर्टिफिकेट द्या' एवढंच म्हणू नका. कुठला व्यायाम, किती दिवस, किती जोराचा, हे कागदावर लिहून न्या आणि 'यातलं काय करू, काय टाळू?' असं विचारा. साधारण दर असे :

• नेहमीचे डॉक्टर : २०० ते ४०० रुपये
• एमडी फिजिशियन : ६०० ते १,००० रुपये
• हृदयरोगतज्ज्ञ : १,००० ते २,००० रुपये
• हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी : २५० ते ४०० रुपये
• तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी : ४०० ते ६०० रुपये
• क्रिएटिनिन : १५० ते ३०० रुपये
• लिपिड प्रोफाइल : ५०० ते ९०० रुपये
• ईसीजी : २०० ते ४०० रुपये
• टू-डी इको : १,५०० ते ३,००० रुपये
• स्ट्रेस टेस्ट, म्हणजे टीएमटी : १,५०० ते २,५०० रुपये
• मधुमेहींसाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी : ५०० ते १,००० रुपये

ही यादी सगळी करून घ्यायची नाही. लक्षणं नसलेल्या, आजार नसलेल्या माणसानं केवळ जिमला जायचंय म्हणून टीएमटी करून घेण्यात फायदा थोडा आणि घोर फार. अशा लोकांत, विशेषतः स्त्रियांत, ती खोटी 'पॉझिटिव्ह' येण्याचं प्रमाण बरंच असतं. मग अँजिओग्राफीपर्यंत प्रकरण जातं, खर्च हजारांवर जातो आणि शेवटी काही निघत नाही. उलट ती 'निगेटिव्ह' आली म्हणून छातीतलं दुखणं दुर्लक्षिण्याचा परवाना मिळत नाही. टीएमटी कुणाला, हे डॉक्टरांना ठरवू द्या. मधुमेह किंवा हृदयविकार असून जोराचा व्यायाम करायचा असेल, तर ते बहुधा सांगतील, आणि तेव्हा ते पैसे योग्य जागी जातात.

स्त्रियांसाठी मात्र एका स्वस्त तपासणीचा आग्रह धरेन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. दोन मजले चढून दम लागतो, तो 'स्टॅमिना नाही' म्हणून की हिमोग्लोबिन ९ आहे म्हणून, हे तीन-चारशे रुपयांत कळतं. कारण रक्तक्षय असेल, तर ट्रेनरनं घाम काढून उपयोग नाही. आधी उपचार हवेत.

चौथी पायरी : ट्रेनर किंवा फिजिओथेरपिस्टची मोजणी

सांधे, पाठ, मान दुखत असेल, शस्त्रक्रिया झाली असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर जिमआधी फिजिओथेरपिस्टकडे जा. पहिल्या भेटीचे ५०० ते १,००० रुपये, पुढच्या भेटीचे ४०० ते ७०० रुपये. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका.

जिममधली चांगली पहिली मोजणी पाऊण तास ते तासभर चालते. प्रश्नावली, रक्तदाब, नाडी, तोल, खांदे-कंबर-गुडघ्यांची हालचाल, खुर्चीवरून उठणं, थोडं चालणं. संवाद कसा असावा, त्याचा नमुना :

'काका, शुगरची गोळी कुठली घेता?'
'ग्लिमेपिराइड. सकाळी नाश्त्याआधी.'
'आणि व्यायामाला कधी येणार?'
'सहाला. उपाशीपोटी. चरबी लवकर जळते म्हणे.'
'नको काका. ही गोळी चालू असताना उपाशीपोटी साखर एकदम खाली येऊ शकते. नाश्ता करून साडेआठला या, आणि डॉक्टरांना वेळ विचारून घ्या. ग्लुकोमीटर आहे ना घरी?'

एवढं विचारणारा माणूस मिळाला, तर तिथं पैसे भरा. अनेक जिममध्ये ही मोजणी मेंबरशिपमध्येच असते. वेगळे घेतले, तर ५०० ते १,५०० रुपये पडतात. 'बॉडी कॉम्पोझिशन'च्या यंत्रावर उभं करून चरबीचा आकडा दाखवणं म्हणजे मोजणी नव्हे. शरीरातून सौम्य वीज पाठवून ते यंत्र अंदाज बांधतं. तुम्ही किती पाणी प्यालात, कधी जेवलात, यावर आकडा हलतो. महिन्या-महिन्याला त्याच वेळी, त्याच यंत्रावर मोजलं, तर कल काय आहे, ते कळतं. पहिल्याच दिवशी तो आकडा दाखवून महागडं पॅकेज गळ्यात मारत असतील, तर उठून या.

आजार कळला, मग आराखडा कसा बदलतो?

तपासणीचे पैसे वसूल होतात ते इथे. कागद फाइलमध्ये गेला आणि आराखडा तोच राहिला, तर तपासणी केली काय आणि नाही केली काय, सारखंच.

मधुमेह. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, म्हणजे प्रत्येक जिममध्ये काही असणारच. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांनी साखर खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिननं हा धोका फार कमी. इन्सुलिन किंवा अशी गोळी घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर मोजावी. ९० पेक्षा कमी असेल, तर केळं किंवा पोळीभाजी खाऊन मगच व्यायाम. २५० च्या वर असेल आणि बरं वाटत नसेल, तर त्या दिवशी आराम. ग्लुकोमीटर साधारण ८०० ते १,५०० रुपयांना येतो. पट्ट्यांचा खर्च त्याहून जास्त होतो, म्हणून घेताना पट्ट्यांचा भाव आधी विचारा. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. पायांची संवेदना कमी झाली असेल, तर बूट-मोजे सक्तीचे, आणि घरी गेल्यावर तळव्यांना फोड आलाय का, ते पाहा. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा गंभीर परिणाम असेल, तर जड वजनं आणि डोकं खाली जाणारी आसनं बंद.

रक्तदाब. श्वास कोंडून वजन उचलायचं नाही. उचलताना श्वास सोडा. वजन कमी, आवर्तनं जास्त. शेवटी एकदम थांबू नका, पाच-दहा मिनिटं हळू चालत शांत व्हा. मेटोप्रोलोल, अटेनोलोल अशा गोळ्या हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवतात. '२२० वजा वय' या सूत्रानं बावन्न वर्षांच्या माणसाचे कमाल ठोके १६८ निघतात, पण या गोळीवर ते तिथवर पोहोचणारच नाहीत. आकडा गाठायला लावणारा ट्रेनर त्या माणसाला दमवून टाकेल. अशांनी बोलून पाहावं : व्यायाम करताना सलग बोलता येतं, पण गाता येत नाही, तो मध्यम जोर. वाक्य तुटायला लागलं, की जोर जास्त झाला.

अँजिओप्लास्टी, बायपास. रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद सोबत ठेवा. सुरुवातीचे आठवडे मोठ्या रुग्णालयांत चालणाऱ्या हृदय-पुनर्वसन वर्गात काढता आले, तर उत्तम. तिथे व्यायाम करताना ईसीजीवर लक्ष असतं. थेट जिम नको.

गुडघे. झीज झालेल्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती देणं चूक. मांडीचे स्नायू बळकट झाले, की दुखणं कमी होतं. व्यायामात थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं राहिलं, तर प्रमाण घटवा. खोल बैठका आणि उड्या सुरुवातीला नकोत. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने धरतात. त्यांना घाई करू नका.

योगवर्गालाही हे सगळं लागू आहे. काचबिंदू असेल, तर शीर्षासन, सर्वांगासन नको. हाडं ठिसूळ असतील, तर कंबरेतून खोल पुढे वाकणारं पश्चिमोत्तानासन आणि जोरात पीळ देणारी आसनं नकोत. वर्गात पन्नास जण असतील, तरी शिक्षकांना जाऊन सांगा.

दमा असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेला इन्हेलर व्यायामाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घ्या आणि सोबत ठेवा. अंगात ताप असताना व्यायाम करू नका. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि श्रम तेव्हा घातक ठरतात. गरोदर असाल, तर प्रसूतितज्ज्ञांच्या होकारानंतर चालणं, हलका व्यायाम चांगलाच. पहिल्या तीन महिन्यांनंतर बराच वेळ पाठीवर पडून करायचे प्रकार टाळा.

तीन घरांचं अंदाजपत्रक

पहिलं उदाहरण : अठ्ठावीस वर्षांची नोकरदार मुलगी, आजार नाही, लक्षणं नाहीत. प्रश्नावली शून्य. नेहमीच्या डॉक्टरांकडे रक्तदाब आणि एक नजर, २०० ते ४००. रक्ताची साधी तपासणी, २५० ते ४००. एकूण ४५० ते ८०० रुपये.

दुसरं : बावन्न वर्षांचे गृहस्थ, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या, व्यायामाची सवय नाही. फिजिशियन ६०० ते १,०००, एचबीएवनसी ४०० ते ६००, क्रिएटिनिन १५० ते ३००, लिपिड ५०० ते ९००, ईसीजी २०० ते ४००, डोळ्यांचा पडदा ५०० ते १,०००. एकूण २,३५० ते ४,२०० रुपये. फिजिशियननं टीएमटी सांगितली, तर १,५०० ते २,५०० आणखी. पण यातल्या बऱ्याच चाचण्या मधुमेहीनं दरवर्षी करायच्याच असतात. अलीकडचे रिपोर्ट असतील, तर ते घेऊन जा; खर्च फीवर भागेल.

तिसरं : सदुसष्ट वर्षांच्या आजी, गुडघेदुखी. नेहमीचे डॉक्टर २०० ते ४००, फिजिओथेरपिस्टची पहिली भेट ५०० ते १,०००, पुढच्या चार भेटी १,६०० ते २,८००. एकूण २,३०० ते ४,२०० रुपये. हाडांची घनता कधीच मोजली नसेल, तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. त्यानंतर घरीच खुर्चीचा व्यायाम आणि सोसायटीच्या आवारात चालणं, खर्च नाही.

पैसे कुठे वाचतात?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नाहीत. तिशीपुढच्यांची रक्तदाब आणि मधुमेहाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. मुंबईत महापालिकेचे 'आपला दवाखाना' आहेत.

डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि प्रयोगशाळा यांच्या उपचार-तपासणी सेवेवर जीएसटी नाही. कुणी लावला, तर विचारा. जिम आणि योगवर्गांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पावतीवर दर तपासा. जुन्या करप्रणालीत प्राप्तिकर भरत असाल, तर प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंतचे पैसे आरोग्यविम्याच्या एकूण वजावटीत धरता येतात. रोख दिले असले, तरी चालतात, पावती जपा.

पैसे भरण्यापूर्वी जिमला हे विचारा

• आरोग्याची प्रश्नावली भरून घेता का, आणि ती वाचतं कोण?
• ट्रेनरचं प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं आहे? सीपीआरचं प्रशिक्षण झालं आहे का?
• हृदयाला झटका देणारं एईडी यंत्र आहे का? कुठे ठेवलं आहे?
• रक्तदाबाचं यंत्र आहे का?
• प्रकृतीमुळे सोडावं लागलं, तर पैसे कसे परत मिळतील? हे लेखी द्याल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत वर्षाचे पैसे भरू नका. महिन्याची किंवा तिमाही फी थोडी महाग पडली, तरी परवडते. 'जबाबदारी माझी' या कागदावर सही केल्यानं सेवेतल्या निष्काळजीपणाविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क संपत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेच्या तक्रारीला शुल्क नाही. जाहिरात, पावती, भरलेला फॉर्म, व्हॉट्सअॅपवरची बोलणी, सगळं जपून ठेवा.

थांबायचं केव्हा?

तपासणी झाली तरी रोज स्वतःकडे लक्ष हवं. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं किंवा जड वाटलं, गार घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, अनोळखी दम लागला, तर तिथेच थांबा, कुणालातरी सांगा आणि १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका राज्यभर मोफत आहे. माणूस कोसळला आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा आणि दुसऱ्याला एईडी आणायला पाठवा.

तपासणी वर्षातून एकदा नव्यानं करा. औषध बदललं, नवा आजार कळला, शस्त्रक्रिया झाली किंवा मोठं आजारपण येऊन गेलं, तर लगेच करा आणि ट्रेनरला कळवा.

हे सगळं वाचून व्यायामाची भीती बसू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगते, आणि मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण, वृद्ध यांना तो इतरांपेक्षा अधिक हवा असतो. म्हणून आज संध्याकाळी एक काम करा : वरचे सात प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि उत्तरं लिहून काढा. ज्यांचं एकही उत्तर 'हो' नाही, त्यांनी उद्यापासून चालायला लागा. ज्यांचं आहे, त्यांनी या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.